केबिनपर्यंत न पोचलेला अंदाज

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आज सकाळी दुधाची पिशवी आत घेत होते तेवढ्यात फोनवर हवामान खात्याचा अंदाज आला. ठाणे जिल्ह्यासमोरचे पुढच्या चार दिवसांचे चौकोन पिवळे, आणि खाली ओळ, ‘तुरळक ठिकाणी उष्ण व दमट हवामान राहण्याची शक्यता’. तो तुमच्याकडेही आला असणार. एप्रिल-मे महिन्यांत असा तक्ता अधूनमधून येतच असतो. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी तो टाकतं, खाली चार जण हात जोडतात, एखादी काकू कोकम सरबताची आठवण करून देते, आणि तोवर टँकर किती वाजता येणार हा विषय सुरू झालेला असतो.

मी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत राहते. सहा वर्षं कमिटीवर होते, त्यातली तीन सेक्रेटरी म्हणून. हा तक्ता ग्रुपवर टाकण्याचं काम माझंच असायचं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास मी तो टाकला, आणि त्याच दिवशी दुपारी पावणेचारला आमच्या गेटवरचे काका बूम बॅरियरपाशी उभे असताना कोसळले.

काका बीड जिल्ह्यातले, पन्नाशी ओलांडलेले. सकाळी आठ ते रात्री आठ ड्यूटी. त्या दिवशी त्यांचा जोडीदार आला नव्हता, म्हणून येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या गाड्या ते एकटेच बघत होते. मी खाली धावत गेले तेव्हा ते पेव्हर ब्लॉकवर आडवे पडले होते. अंगात गडद निळा पॉलिस्टरचा गणवेश, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, वर टाय. टाय सोडवायला मी गुडघा टेकला तर सलवारीतून चटका बसला. त्याचा लाल डाग दुसऱ्या दिवशीही होता. त्यांच्या मानेला हात लागला आणि मी घाबरले. तापाने फणफणलेलं लेकरू मी हाताळलेलं आहे. हे त्याहून फार वेगळं होतं. ते बोलत होते, पण शब्द जुळत नव्हते. ‘गाडी आलीय, गाडी आलीय’ एवढंच कळत होतं. समोर एकही गाडी नव्हती.

पहिल्या मजल्यावर एक नर्स राहतात. त्या दिवशी त्या घरी होत्या म्हणून काका वाचले, असं मी मानते. त्यांनी आल्या आल्या काकांना चौघांकडून उचलून पार्किंगच्या सावलीत नेलं, शर्ट काढायला लावला, बादलीतलं पाणी अंगावर ओतलं आणि पुठ्ठ्याने वारा घालायला दोघांना बसवलं. मी तांब्याभर पाणी काकांच्या तोंडाशी नेत होते, तर नर्सबाईंनी माझा हात धरला. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं. १०८ ची गाडी आली, काका हॉस्पिटलमध्ये गेले, काही दिवसांनी बरे होऊन गावी गेले. परत आले नाहीत.

त्या रात्री कमिटीची बैठक झाली. एजन्सीने वयस्कर माणूस पाठवला, एजन्सीने जोडीदार दिला नाही, असं सगळे म्हणत होते आणि ते खोटंही नव्हतं. पण मी मिनिट्सची वही चाळत बसले होते आणि त्यात आमचीच अक्षरं दिसत होती. वॉचमन डुलक्या काढतात म्हणून गेटवरची खुर्ची काढून टाकण्याचा ठराव आमचा होता. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून टायचा आग्रह आमचा. क्लब हाऊसमधलं टॉयलेट स्टाफने वापरायचं नाही, त्याला कुलूप लावायचं, हाही आमचाच ठराव, आणि त्याखाली सेक्रेटरी म्हणून माझी सही होती.

म्हणून हे पत्र. तुमच्याकडे मागणं एकच आहे. पिवळा रंग दिसला की तो ग्रुपवर टाकून थांबू नका. त्या दिवशी गेटवर, गच्चीवर आणि जिन्यात काम कसं चालेल, हे त्या अंदाजावरून ठरवा. आपल्या आवारापुरते हे ठरवायचे अधिकार दुसऱ्या कोणाकडे नाहीत, तुमच्याकडेच आहेत.

आधी तो अंदाज नीट वाचूया, कारण मीही तो चुकीचाच वाचत होते.

‘कमाल तापमान ३६’ असं वाचलं की आपल्याला वाटतं, त्यात काय, अकोल्याला ४४ असतं. पण तो ३६ चा आकडा सावलीतला असतो. वेधशाळेतलं तापमापक पांढऱ्या, फटीफटींच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, मोकळ्या हवेत ठेवलेलं असतं. आपलं गेट तसं नसतं. खाली पेव्हर ब्लॉक, मागे काँक्रीटची भिंत, बाजूला उभ्या गाड्यांचे तापलेले पत्रे, आणि मधोमध पत्र्याची केबिन. काकांच्या प्रसंगानंतर मी माझ्या मुलाचं शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेलं तापमापक त्या केबिनमध्ये टांगलं. अंदाजात ३६ होतं त्या दुपारी तीन वाजता आत ४२ दाखवत होतं. माझं तापमापक काही वेधशाळेचं नव्हे, एखाद-दुसऱ्या अंशाने चुकलंही असेल. पण आत पाच मिनिटं उभं राहिल्यावर मला तापमापकाची गरज उरली नाही.

दुसरी गोष्ट दमटपणाची. हवा ३५ अंशांच्या जवळ गेली की ती जवळजवळ आपल्या त्वचेइतकीच गरम होते. मग अंगातली उष्णता नुसती हवेत निघून जात नाही, तिला बाहेर काढायला घाम हा एकच मार्ग उरतो. आणि घाम आला म्हणजे अंग निवतं असं नाही, तो वाळला तर निवतं. विदर्भात हवा कोरडी, घाम आला की उडून जातो. आपल्याकडे तो वाळत नाही, कपाळावरून, पाठीवरून नुसता गळत राहतो. गळून गेलेल्या घामाने शरीरातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आतच राहते. ३५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असली तर शरीराला ते ४५ अंशांसारखं जाणवतं. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी असं हवामान काही दुर्मिळ नाही.

यातूनच तिसरा गैरसमज होतो. लोक म्हणतात, उष्णतेची लाट जाहीर झालेली नाही, म्हणजे चिंता नाही. हवामान खात्याचा निकष असा आहे की किनारपट्टीवर कमाल तापमान निदान ३७ हवं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं, तेही दोन ठिकाणी, सलग दोन दिवस. मुंबई परिसराची या दिवसांतली सरासरी ३३ च्या आसपास आहे. म्हणजे पारा ३८ च्या घरात गेल्याशिवाय लाट हा शब्द येतच नाही. ३५-३६ अंश आणि अंगाला चिकटणारी हवा असेल तर ‘उष्ण व दमट’ असा इशारा येतो आणि चौकोन पिवळाच राहतो. पिवळा म्हणजे ‘लक्ष ठेवा’. लक्ष कोणावर ठेवायचं, हे आपण ठरवायचं असतं.

खारघरचा तो रविवार आठवून बघा. १६ एप्रिल २०२३. पुरस्कार सोहळ्याला लाखो लोक सकाळपासून उघड्या मैदानात बसले होते, आणि नंतर उष्माघाताने १४ जण गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. माझी मावशी खारघरलाच राहते. तिच्या बाल्कनीतून ते मैदान दिसत नाही, पण दिवसभर ॲम्ब्युलन्सचे आवाज ऐकू येत होते, असं ती सांगते. ३८ हा आकडा वर्तमानपत्रात वाचताना आपण किती सहज पुढे जातो!

आपल्या भागाचं आणखी एक दुखणं आहे, वाऱ्याचं. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी भूगोलाच्या पुस्तकात वाचलेत. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारे ते खारे वारे. मुंबईला एरवी अकरा-बाराच्या सुमारास ते सुरू होतात आणि पारा तिथेच थबकतो. पण मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी देशावरून, म्हणजे पूर्वेकडून, कोरडे गरम वारे जोराने येतात आणि समुद्राचा वारा दुपारी एक-दोनपर्यंत आत शिरू देत नाहीत. तेवढ्या दोन तासांत तापमान झपाट्याने चढतं. सांताक्रूझला मार्चमधला ४१.७ अंशांचा विक्रम २८ मार्च १९५६ चा आहे, म्हणजे किनाऱ्यावर चाळिशी ओलांडणं ही आजची नवलाई नाही. मुंबईत वारा आला तरी आपल्याकडे तो लगेच येतो असंही नाही. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना माहीत आहे, पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि नॅशनल पार्क आडवे आहेत. ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळला तो मुंबई आणि खाडी ओलांडून येतो. आणि आला तरी आता तो आपल्याच तीस-तीस मजली टॉवरना धडकतो. दुपारी सतराव्या मजल्याच्या बाल्कनीत पडदे उडत असतात तेव्हा खाली दोन टॉवरच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला वाऱ्याची झुळूकही लागत नाही. कमिटीतले आपण बहुतेक जण त्या बाल्कनीत बसून ‘आज बरं वाटतंय’ असं म्हणत असतो.

वारा आला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, पण सोबत आर्द्रता वाढते. मेमध्ये तर हे फारच होतं. म्हणून तीननंतर ऊन कललं, आता चिंता नाही, असं समजू नका. काका पावणेचारला पडले होते.

ठाणे जिल्ह्याचा चौकोन एकच असतो, हेही लक्षात घ्या. मीरा-भाईंदरपासून थेट माळशेजच्या पायथ्यापर्यंतचा भाग त्या एका रंगात येतो. ठाण्यात ३६-३७ असताना बदलापूर, मुरबाडकडे पारा चाळिशीच्या पुढे असू शकतो. आपली कामवाली माणसं, हाऊसकीपिंगच्या बायका यांतल्या कितीतरी जणी कल्याणच्या पुढून लोकलने येतात. त्या आपल्या गेटवर पोचतात तेव्हाच त्यांचा अर्धा दिवस उन्हात गेलेला असतो.

आणि रात्री. याबद्दल कोणी बोलत नाही. काका हॉस्पिटलमध्ये असताना त्यांचा खोलीतला जोडीदार मला भेटला. पत्र्याच्या छताच्या एका खोलीत सहा जण राहायचे, तीन दिवसाचे, तीन रात्रीचे. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत आग ओकत असायचा. ‘ताई, झोप म्हणजे नुसतं डोळे मिटून पडायचं,’ तो म्हणाला. उन्हात दमलेलं शरीर रात्रीच्या गारव्यात सावरतं. तो गारवा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीची ड्यूटी कालच्या थकव्यावर सुरू होते, तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. म्हणून चार दिवस सलग पिवळे असतील तर चौथा दिवस पहिल्यासारखा नसतो.

आता आम्ही काय केलं ते सांगते. त्यातलं काही चुकलंही.

सर्वांत आधी खुर्ची परत आणली. तिला विरोध झाला. ‘बसला की झोपणार’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोलले होते. पण बारा तास उभं राहणारा माणूस दुपारी दोनला जागा असला तरी त्याला धड दिसत नसतं. बसलेला, पाणी प्यायलेला वॉचमन जास्त चांगली नोंद ठेवतो, हे आमच्या रजिस्टरमध्ये आम्हाला दिसलं.

मग टॉयलेटचं कुलूप. हे लिहिताना मला अजूनही शरम वाटते. आम्ही गेटवर माठ ठेवला, ओआरएसची पाकिटं ठेवली, आणि आठवड्याने पाहिलं तर माठ जवळजवळ भरलेला. हाऊसकीपिंगच्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मॅडम, पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे?’ त्या सकाळी घरून निघाल्या की दुपारी साडेतीनला घरी पोचेपर्यंत जात नव्हत्या, म्हणून पाणीही घोट-घोटच प्यायच्या. गेटवरचे लोकही तेच करत होते. तुम्ही कितीही सरबत वाटा, टॉयलेटचं कुलूप निघाल्याशिवाय ते कोणी पिणार नाही. आम्ही किल्ली काढून फेकली. सफाईची पाळी लावली, तक्रारी दोन आल्या, नंतर कोणी काही बोललं नाही. या पत्रातली एकच गोष्ट करणार असाल तर कृपा करून ही करा.

केबिनसाठी आम्ही आधी कूलर आणला. वर्गणी काढून, हौसेने. आठवड्यात तो बंद करावा लागला. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आणि आपल्या हवेत आधीच इतकी वाफ आहे की त्या छोट्या केबिनमध्ये नुसती कुबट ओल झाली. कूलर नागपूरला चालतो, ठाण्याला नाही, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. नंतर आम्ही समोरासमोर दोन खिडक्या पाडून घेतल्या, भिंतीवर पंखा लावला, आणि पत्र्यावर हातभर उंचीवर बांबू उभे करून हिरवी जाळी ताणली. पत्र्याला ऊनच लागलं नाही की आतला ताप बराच कमी होतो. या सगळ्याला फ्लॅटमागे एका वडापावाइतकाही खर्च आला नाही.

गणवेशाचं एजन्सीशी एका फोनवर जमलं. एप्रिल-मेमध्ये टाय नाही, टोपी कापडाची, शर्ट अर्ध्या बाह्यांचा. बारा ते चार या वेळात गेटवर एकट्या माणसाने उभं राहायचं नाही, दोघांनी तासातासाने जागा बदलायची, एक जण उन्हात तर एक सावलीत. जोडीदार आला नसेल तर एक बाजू बंद ठेवायची. रहिवाशांना गाडी वळवून दुसऱ्या बाजूने यावं लागतं, येऊ द्या.

नव्या माणसाकडे विशेष लक्ष ठेवा. गावाहून नुकताच आलेला, किंवा महिनाभर रजेवर जाऊन परतलेला माणूस कितीही धडधाकट असला तरी त्याचं शरीर या उकाड्याला सरावायला एक-दोन आठवडे घेतं. कामाच्या जागी उष्माघात बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच होतो. उन्हात काम करणाऱ्यांसाठी जगभर एक साधा नेम सांगितला जातो, नवा असेल तर पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा वेळच उन्हात, मग रोज थोडा थोडा वाढवत न्यायचा. एजन्सी नवा माणूस पाठवते तेव्हा तो कालपर्यंत कुठे होता, एवढं तरी विचारा.

आता गच्चीकडे वळते, कारण गेटवर दोन-चार माणसं असतात, पण या दोन महिन्यांत खरी गर्दी गच्चीवर आणि दोरांवर असते. पावसाळ्याआधी उरकायचं म्हणून वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, टाक्यांची सफाई, प्लंबिंग, झाडांची छाटणी, सगळी कामं आपण एप्रिल-मेमध्ये काढतो. मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन थडकला आणि अर्धवट वॉटरप्रूफिंगच्या गच्च्यांखाली लोकांची छतं गळली. त्याची धास्ती अजून आहे. कंत्राटदाराला आपण सांगतो, पंधरा मेच्या आत पुरं करा. घाई समजते मला. पण ती घाई कोणाच्या अंगावर जाते ते दुपारी दोनला गच्चीवर जाऊन बघा. डांबराची शीट गॅसच्या ज्वाळेने चिकटवणारा मुलगा, खाली तापलेला स्लॅब, वर ऊन, समोर ज्वाळा. त्याला सावली नाहीच.

आणि त्याला दुपारी काम करायला आपणच लावतो. बहुतेक सोसायट्यांचा नियम आहे, सकाळी नऊ-दहाच्या आधी कामगारांना आत सोडायचं नाही, रहिवाशांची झोपमोड होते. फ्लॅटमधल्या तोडफोडीसाठी तो नियम ठीक आहे. पण गच्चीवर शीट चिकटवण्याचा, भिंतीला रंग मारण्याचा आवाज कोणाच्या झोपेत येतो? या दोन महिन्यांपुरता त्या कामांसाठी नियम शिथिल करा. सकाळी साडेसहाला त्यांना आत घ्या, अकरा-साडेअकराला काम थांबवा, चार-साडेचारला पुन्हा सुरू करा. आम्ही गेल्या वर्षी असं केलं. काम ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा संपलं, पण पाऊस यायच्या आत संपलं.

रंगाऱ्यांसाठी तर एक पैसाही लागत नाही. इमारतीची पूर्वेची भिंत दुपारी सावलीत असते, पश्चिमेची सकाळी. कंत्राटात एवढं एक वाक्य घाला, की पश्चिमेची बाजू सकाळी आणि पूर्वेची दुपारी. दोराला लटकलेल्या माणसाला चक्कर आली तर तो कुठे जाणार, याचा विचार करा.

झाडांबद्दल एक. फांदी पडून गाडी फुटू नये म्हणून आपण ऐन एप्रिलमध्ये पालिकेची परवानगी काढून छाटणी करतो आणि सोनमोहर, गुलमोहर, रेन ट्री नुसते सांगाडे करून ठेवतो. सावलीची सर्वांत गरज असलेल्या दीड महिन्यात सावली आपण कापून टाकतो. वाळलेली, पोखरलेली, वायरींवर आलेली फांदी जरूर काढा. बाकीची छाटणी मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबवा, आणि गेटजवळच्या, रिक्षा उभ्या राहतात तिथल्या, डिलिव्हरीची मुलं थांबतात तिथल्या झाडांना हात लावू नका. त्या मुलांना मेन लिफ्ट बंद आणि सर्व्हिस लिफ्ट नादुरुस्त, म्हणून पाठीवर बोजा घेऊन जिने चढायला लावणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. पिवळ्या दिवशी तरी हे होऊ नये.

काही जण म्हणतील, ही सरकारची कामं आहेत. महापालिकेने आपलं करावंच. ठाण्याचा उष्णता कृती आराखडा आहे, अहमदाबादने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये असा आराखडा पहिल्यांदा केला आणि मग अनेक शहरांनी तो मार्ग धरला. पण कोणताही आराखडा आपल्या कंपाउंडच्या आत येऊन खुर्ची मांडणार नाही.

उद्या सकाळी करता येईल असं सांगते. हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप मॅनेजरच्या फोनवर घ्या. रोजचा जिल्ह्याचा रंग त्याने एका पाटीवर खडूने लिहून केबिनबाहेर लावावा, मराठीत आणि हिंदीत, आणि खाली त्या दिवशीच्या पाळ्या. दर गुरुवारी खातं पुढच्या दोन आठवड्यांचाही अंदाज देतं, रविवारच्या बैठकीत तो बघून गच्चीच्या आणि रंगाच्या कामाचे दिवस ठरवा. केबिनच्या आत, माणसाच्या डोळ्यांसमोर, मोठ्या अक्षरांत १०८ लिहा. आणि एवढं प्रत्येकाला तोंडी समजावून सांगा: कोणी उन्हात असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं लागलं, तर आधी फोन, मग सावली, कपडे सैल, अंगावर भरपूर पाणी आणि जोराने वारा. घाम थांबलेला असेलच असं नाही, कष्टाचं काम करणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.

काकांना मी मधे एकदा फोन केला होता. आता गावाकडे एका गोडाऊनवर रात्रपाळी करतात. दुपारी डोकं दुखतं, पूर्वीसारखं ऊन सोसत नाही म्हणाले. मग त्यांनीच मला विचारलं, ‘ताई, गेटवर आता कोण आहे?’ मी नाव सांगितलं. ‘त्याला खुर्ची दिलीय का?’

दिलीय, मी म्हणाले.

तुमच्या गेटवरही आज संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, एकदा खाली उतरून बघून या. उद्याचा चौकोनही पिवळाच आहे.

आपली नम्र,
घोडबंदर रोड, ठाणे येथील एका सोसायटीची माजी सेक्रेटरी